डोहसाळीचे बी

ता. ११ जानेवारी १९२४ रोजी वाकणवाडीच्या सोनुबाईच्या हातावर चार आणे सहा पै पडले. शेरभर भाताच्या बियाचा तो मोबदला होता. बाजारात तेवढ्या भाताला त्याच्या निम्मेही आले नसते, म्हणून देणारा आपण बाईला फसवले नाही या समाधानात होता. सोनुबाईने पैसे कमरेच्या पिशवीत टाकले आणि मान खाली घातली. तिने दिलेले बी मेलेले होते. ते तिनेच आदल्या दिवशी दुपारी चुलीपाशी बसून मारले होते.

वाकणवाडी म्हणजे दहिवलीच्या पुढे नदीच्या एका वळणावरची पंधरा-वीस घरांची कुणब्यांची वस्ती. बाकीच्यांची खाचरे वरच्या अंगाला, उताराची, पाणी सोडून देणारी. सोनुबाईचा नवरा मागे ठेवून गेला तो जमिनीचा तुकडा मात्र वळणाच्या अगदी पोटात होता. त्याला सगळे डोह म्हणत. श्रावणात नदी फुगली की पाणी तिथे शिरे ते दिवाळीपर्यंत हलत नसे. दुसरे कोणतेही भात त्यात आठवड्यात कुजले असते. डोहसाळ तेवढी तगे. पाणी वीतभर चढले की तीही वीतभर चढे. कापणीला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून नुसत्या लोंब्या खुडाव्या लागत. लोंबीला लाल कुसळ, दाणा जाड आणि तांबूस, शिजायला लाकडे फार खाणारा. पण सकाळी त्याची वाटीभर पेज प्यालेला माणूस दिवस मावळेपर्यंत भुकेचे नाव काढीत नसे. हे भात वाकणवाडीत दुसऱ्या कोणाकडे नव्हते. आसपासच्या कुठल्याच गावात नव्हते.

ते कसे, हे फक्त त्या घरातल्या बायकांना माहीत होते.

सोनुबाईची सासू हिरू हिने तिला दोन नियम सांगितले होते. बी मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, नाहीतर शेताचा राखणदार रुसतो. आणि डोहसाळीचे बी दुसऱ्याच्या खाचरात रुजू द्यायचे नाही, नाहीतर राखणदार त्याच्या मागोमाग निघून जातो. दोन्ही नियम एकदम कसे पाळायचे याची युक्तीही हिरूने तिच्या सासूकडून घेतलेली होती. कोणी बी मागितले की उद्या ये म्हणायचे. मग उकड्या तांदळासाठी हंडा चढला की त्याच्या वाफेवर बियाची टोपली धरायची. दोन ओव्या म्हणून होईपर्यंत धरायची, जास्त नाही. साळ फुटता कामा नये, पण आतला जीव गेला पाहिजे. मग सावलीत वाळवून, वर हळदीचे बोट लावून, हसतमुखाने ओटीत घालायचे.

घेणारा घेऊन जाई, पेरी, वाट बघे. काही उगवत नसे. आणि मग तोच माणूस चारचौघांत सांगे, "हिरूच्या घरचं बी देवाचं हाय. दुसऱ्याच्या मातीत रुजायचं नाय." असे दहा ठिकाणी झाले तेव्हा मागणारे थांबले. हिरू हे ऐकून घेई. शेवटी शेवटी तिलाही ते खरेच वाटू लागले होते, असे सोनुबाईला वाटे.

हिरूने आपल्या पोटच्या पोरीलाही सोडले नव्हते. अंबूबाई शेलूला दिलेली. तिच्या सासरीही एक पाणथळ खाचर होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने माहेरी येऊन डोहसाळीचे बी मागितले. त्या दिवशी हंड्यावर टोपली धरायला हिरूने नव्या सुनेला, म्हणजे सोनुबाईला, बसवले होते. अंबूबाई बाहेर ओट्यावर भावाशी हसत बोलत होती ते आत ऐकू येत होते. त्या वर्षी तिचे खाचर मोकळे राहिले. नवरा ते पुढे वर्षानुवर्षे बोलून दाखवीत राहिला.

सासू मरून सहा वर्षे झाली होती. तिचा नियम मात्र चुलीपाशी ठाण मांडून होता. म्हणून आबाजींनी बी मागितले तेव्हा सोनुबाईच्या तोंडून आपसूक निघून गेले, "उद्या या."

आबाजी हे शेतकी खात्याचे फील्डमन. सातारकडचे, चाळिशीचे, पायात कायम चिखलाने भरलेले बूट. गावोगाव हिंडून ते जुन्या भाताच्या जाती गोळा करीत आणि दहिवलीला भाड्याने घेतलेल्या पत्र्याच्या खोलीत काचेच्या बरण्यांत भरून ठेवीत. प्रत्येक बरणीवर गावाचे, घराचे आणि भाताचे नाव. लोक त्यांना बीवाले मास्तर म्हणत. सोनुबाईचा शेजारी गोमा याने तर त्यांना तोंडावर विचारले होते.

"मास्तर, कोनी नाणी जमवतो, कोनी ताईत जमवतो. तुमी भात जमवताय. घरी मंडळी जेवू घालीत नाय का काय?"

"मंडळी सातारला आहेत," आबाजी म्हणाले. "आणि हे शिजवायचं भात नव्हे, गोमा. एखाद्या गावचं बी गेलं, तर त्याला परत द्यायला कुठं तरी असावं."

"आमचं कशाला जातंय? आज्या-पणज्यापासनं हाय."

"सगळ्या गावांत हेच ऐकतो मी."

त्या दिवशी दुपारी टोपली वाफेवर धरली असताना सोनुबाईला धुराने ठसका लागला. ओवी मोडली. एक झाली होती की दुसरीही अर्धी झाली होती, हे तिला आठवेना. तिने टोपली उतरवली. एवढे पुरे, असे तिने स्वतःशी म्हटले आणि बी सुपात पसरले.

चैत्र संपता संपता गोमाने आपला राब भाजायला घेतला. पेरणीच्या वाफ्यावर पाला, काटक्या आणि शेण पसरून ते जाळायचे, म्हणजे माती मोकळी होते आणि तण मरते. सगळेच करतात. गोमाने सकाळी वारा नसताना आग लावली. पण दुपारी घाटाकडून वारा सुटला आणि जळता पाला उडत सोनुबाईच्या गवती छपरावर पडला. माणसे धावली, गुरे सोडली, भांडी बाहेर फेकली. माळ्यावर, चुलीच्या धुरात, पेंढ्याच्या मुड्यात बांधून ठेवलेले डोहसाळीचे बी कोणाला आठवले नाही. आठवले ते सोनुबाईला, आणि तिला चौघींनी धरून ठेवले होते.

राखेत मुडा सापडला. बाहेरून कोळसा, आत मधोमध पसाभर दाणे चांगले दिसत होते. तिने ते ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चौथ्या दिवशी फडके सोडले तर नुसता आंबूस वास आला.

अंबूबाई शेलूहून गाडीने आली ती दोन पायल्या बी घेऊन. तिच्या खाचरातले गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे भात होते. ती येताच गोमा तिथे आला. आग त्याच्या हातची, त्यामुळे त्या दिवसांत तो या घरासाठी काय करू नि काय नको असे करीत होता. छपराचे वासे त्यानेच आणून दिले होते. सोनुबाईचा मुलगा नागू वाश्यावर बसून बंध आवळीत होता. तो वरूनच म्हणाला,

"आत्या, आजीनं तुला डोहसाळीचं बी दिलं व्हतं ना गं? त्यातलं मूठभर तरी राखलं आसशील."

"राखाया आधी उगवाया नको, रं?" अंबूबाई हसली. "दाना वर आला नाय एक. तुझा मामा अजून बोलतो मला. काल गाडी जुंपताना म्हनला, माहेराला बी नेतीस? नीट बघून ने, तुमच्यात वांझ बी द्यायची रीत हाय."

नागू हसला. गोमाही हसला. सोनुबाई चुलीच्या जागी दगड मांडीत होती, ती तशीच वाकून राहिली.

ज्याचे बी बुडते तो ज्यांना दिले त्यांच्याकडे जाऊन मागून आणतो. कुलाबा जिल्ह्यात कुठेही हीच चाल. आपण दिलेले दुसऱ्याच्या शेतात जगते आणि गरजेला परत येते. सोनुबाईच्या घराने तीन पिढ्या बी दिले होते, आणि तिला मागायला जायला एक दार नव्हते.

"आगं वयनी!" गोमाने एकदम मांडीवर थाप मारली. "मास्तरकडं हाय की! बरनीत! मी सोता बघितलंय, वर तुझं नाव लिवलंय!"

"खरंच की," अंबूबाई म्हणाली. "देवानंच बुद्धी दिली त्या मास्तराला. ऊठ वैनी, आत्ताच जा."

न जायला कारण सांगता येण्यासारखे नव्हते. ती नागूला घेऊन दहिवलीला निघाली. वाटेत ती मनाशी पुन्हा पुन्हा त्या दुपारची ओवी म्हणून बघत होती. ठसका कुठे लागला? एकीच्या शेवटी लागला असेल तर? टोपलीच्या मधले दाणे वाफेपासून वाचले असतील तर? आपल्या हातून काम नीट झाले नसले तर बरे, असे तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होते.

आबाजींना आगीची बातमी कळली होती. त्यांनी बरणी काढूनच ठेवली होती. बाईच्या घराचे सगळे जळालेले, तरी हा माणूस आनंद लपवू शकत नव्हता.

"सोनुबाई, वरचे लोक मला विचारतात, या बरण्यांचा उपयोग काय? भाडं कशाला भरायचं? आता मी त्यांना दाखवतो." त्यांनी बी मोजून दोन वाटे केले. "अर्धं तुम्ही पेरा, अर्धं मी इथं वाफ्यात पेरतो. यंदा सगळा डोह नाही भरायचा, पण एक कोपरा भरेल. पुढल्या सालापर्यंत बी वाढेल. दोन ठिकाणी असलं म्हणजे पुन्हा भीती नाही."

"मास्तर," सोनुबाई म्हणाली.

"काय, बाई?"

नागू तिच्याकडे बघत होता.

"तुमचे उपकार झाले," ती म्हणाली.

पेरणी झाली. पंधरा दिवसांत अंबूबाईने दिलेल्या भाताचा वाफा हिरवागार झाला आणि शेजारचा डोहसाळीचा वाफा काळाच राहिला. एका कडेला मात्र पाच रोपे वर आली होती. सोनुबाईने ती कोणाला दाखवली नाहीत. सकाळ-संध्याकाळ ती त्यांच्याजवळ जाऊन बसे. लोक म्हणत, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

लावणीला अंबूबाई पुन्हा आली होती. भर पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन आबाजी बांधावर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा बघूनच दहिवलीच्या वाफ्याचे काय झाले ते कळत होते.

"एकही नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे?"

"नाय," नागू म्हणाला.

आबाजींनी डोक्यावरची खोळ मागे सारली. मग म्हणाले, "सोनुबाई, राग मानू नका. एकच विचारतो. मला दिलं तेव्हा भात नीट होतं ना? कुठं भिजलं होतं, तापलं होतं, असं काही?"

सोनुबाईच्या हातात रोपांची जुडी होती. एका बाजूला गुडघाभर चिखलात अंबूबाई उभी होती. अंबूबाई तिच्याकडे बघतही नव्हती. वाकून रोपे खोवत होती आणि उत्तर काय येणार हे ठाऊक असल्यासारखी गुणगुणत होती. खरे सांगायचे तर ते मास्तरला सांगून भागणारे नव्हते. तुझ्या आईने तुला मेलेले बी दिले आणि टोपली मी धरली होती, हे अंबूबाईला सांगावे लागले असते.

"जसं घरात व्हतं तसंच दिलं," सोनुबाई म्हणाली.

आबाजींनी मान डोलावली. "मग दोष माझा. पत्र्याखाली उन्हाळाभर बरण्या ठेवल्या. आत काय भट्टी होत असेल, हे मला समजायला हवं होतं. तुमचं बी मी मारलं, बाई."

"मास्तर, मनाला लावून घेऊ नका," गोमा पलीकडच्या खाचरातून ओरडला. "देवाचं बी त्ये! बाटलीत कोंडल्याव गुदमरनार नाय तर काय!"

आबाजी हसले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि ते वळले. बांधाच्या टोकाला जाईपर्यंत सोनुबाई त्यांच्या पाठीकडे बघत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

ते सरळ माणूस. त्यांनी वर तसेच कळवले, की आपल्या खोलीत ठेवलेल्या बियाचा भरवसा देता येत नाही. वरच्या साहेबांना तेवढेच हवे होते. गणपतीच्या आधी खोली सोडली, आबाजींची बदली खानदेशात झाली.

सोनुबाईला हे कळले ते कर्जतच्या बाजारात. एका वाण्याच्या दुकानापुढे पोत्यात भात होते. पण कसले भात! काळे, पिवळे, तांबडे, बारीक, जाड, कुसळाचे, बिनकुसळाचे, सगळे एकत्र. तिने ओंजळीत घेऊन पाहिले. त्यात भिवपुरीकडच्या डोंगरातले काळे भात तिने ओळखले. खालापूरच्या अंगाला होते ते चपटे, वासाचे ओळखले.

"कोंबड्यांना घे मावशी, स्वस्तात लावतो," वाणी म्हणाला. "सरकारी माल हाय. बीवाल्याच्या बरण्यांतला."

"पेरलं तर उगवंल का हे?"

"कोंबडीच्या पोटात?" वाणी हसला. "आन् पेरून काय करशील? कुठला दाना कुठल्या गावचा, ब्रह्मदेवाला कळायचं नाय."

तिने ओंजळ पोत्यात रिकामी केली. हे सगळे जिवंत होते, हे त्या बाजारात तिच्याएवढे खात्रीने कोणी सांगू शकले नसते. पत्र्याने काही मारले नव्हते.

श्रावणात पाणी डोहात शिरले. अंबूबाईचे गरवे भात आठ दिवस पाण्याखाली राहिले आणि पाणी किंचित उतरल्यावर वास सुटला. लावणीत तिने डोहाच्या कोपऱ्यात खोवलेली ती पाच रोपे तेवढी पाण्याबरोबर वर चढत होती. सोनुबाईने त्यांच्याभोवती काठ्या रोवल्या. भादव्यात लोंब्या आल्या, लाल कुसळाच्या. त्या दिवशी तिने नागूला नेऊन दाखवल्या आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती हसली. पुढच्या आठवड्यात वाऱ्याची झुळूक आली तेव्हा दाणे भरण्याआधीच एकेक सुटून पाण्यात पडू लागले. मग तिला कळले. ते देवभात होते, पाणथळीत आपोआप उगवणारे रानटी भात. त्यालाही कुसळ लालच असते.

गावाने आपला अर्थ लावला. दुसऱ्याच्या मातीत रुजत नव्हते तोवर ते देवाचे बी होते. आता घरच्या मातीतही रुजले नाही, म्हणजे राखणदार घर सोडून गेला. राखणदाराने सोडलेल्या शेतात पाय घालायला कोण येईल? पुढल्या वर्षी लावणीच्या सावडीला सोनुबाई सगळ्यांकडे राबली. तिच्या डोहाची पाळी आली तेव्हा गोमा सोडून कोणी आले नाही. गोमाही बांधावरून परत गेला. डोहात लव्हाळे माजले. नागू पळसदरीला रेल्वेच्या गँगवर खडी फोडायला लागला आणि तिकडेच राहिला.

१९२६ च्या उन्हाळ्यात सोनुबाई शेलूला गेली. मजुरीच्या पैशांतून बाजारात घेतलेले दोन पायल्या बी तिच्या डोक्यावर होते. ते परत करायचे आणि टोपलीची गोष्ट सांगून टाकायची, असे ठरवून ती निघाली होती. तिने ओझे ओट्यावर टेकवले तेव्हा अंबूबाईचा नवरा खाटेवर पडून होता. त्याचे पाय सुजले होते, जीभ तशीच होती.

"या वैनी. बी आणलंत? माहेरचं का? मग पेरायच्या ऐवजी दळून खातो आमी."

एरवी अंबूबाई असे ऐकून आत निघून जाई. आज ती दारात उभी राहिली.

"बास करा आता," ती म्हणाली. "इतकी वरसं बोललात. सरकारच्या मास्तरानं सोता पेरलं, त्याच्याबी वाफ्यात नाय रुजलं. मास्तर लबाड का? माझ्या आयनं मला चांगलंच दिलं व्हतं. देवाचं व्हतं ते, दुसऱ्याकडं येत नव्हतं, त्याला ती काय करंल? सांग गं वैनी यांना."

नवऱ्याने कूस बदलली. अंबूबाईचे डोळे भरून आले होते आणि तोंडावर मात्र एक उजेड होता. लग्नाला तीस वर्षे होत आली होती. या घरात आईची बाजू घेऊन बोलायला तिला पहिल्यांदाच आधार सापडला होता.

सोनुबाईने ओझ्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "व्हय. देवाचंच व्हतं."

जेवण झाल्यावर तिने बियाची गठडी पुढे केली. अंबूबाईने हात लावून पाहिले आणि ती परत तिच्याकडे सरकवली.

"ह्ये बाजारचं गं. बी उसनं दिलं की आपल्या शेतात पिकलेलं घ्यायचं, विकतचं घेत नाय आमी. तुझ्या खाचरात पिकंल तवा दे. मी कुठं जाते?"

सोनुबाई ते ओझे पुन्हा डोक्यावर घेऊन वाकणवाडीला आली.

१९३१ च्या आश्विनात ती हिवतापाने वारली. नागू दोन दिवसांसाठी आला, झोपडीची कवाडे उतरवून पळसदरीला घेऊन गेला. डोहात आजही काही पिकत नाही. अंबूबाई शेलूला आहे. सोनुबाईकडचे तिचे दोन पायल्या बी अजून येणे आहे.